साहेबाच्या देशातला फॅसिझम

फॅसिझमचा विषय निघाला की आपल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर मुसोलिनीचा इटली आणि हिटलरचा जर्मनी उभा राहतो, फार तर फ्रँकोचा स्पेन. इंग्लंडचे नाव त्या यादीत सहसा येत नाही, आणि आलेच तर ‘तिथे असली खुळे रुजली नाहीत’ एवढे सांगण्यापुरते येते. इंग्रज माणूस मुळात व्यवहारी, थट्टेखोर, अतिरेकाला नाक मुरडणारा. संसदीय राज्यपद्धती त्याच्या हाडीमाशी खिळलेली. म्हणून काळे शर्ट घालून हात उंचावणाऱ्या मंडळींना त्याने हसण्यावारी नेले, असे हे स्पष्टीकरण असते. खुद्द इंग्रजांना ते फार आवडते आणि त्यांच्याच पुस्तकांवर वाढलेल्या आपल्यालाही ते चटकन पटते. मला मात्र ते आळशी स्पष्टीकरण वाटते. ब्रिटनमध्ये फॅसिझम हरला हे खरे आहे; पण त्याच्या पराभवाची कारणे त्या काळच्या अर्थकारणात, निवडणूक पद्धतीत, हुजूर पक्षाच्या मजबुतीत, रस्त्यावरच्या विरोधात आणि शेवटी युद्धात शोधावी लागतात, आणि त्याची बीजे तर बरीचशी तिथल्याच मातीतली होती.

संसदेवरील श्रद्धेचेच उदाहरण घ्यायचे तर पहिल्या महायुद्धाच्या आधीची दोन वर्षे पाहावीत. आयर्लंडला स्वराज्य देणारे विधेयक संसदेपुढे असताना आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरमधल्या विरोधकांनी सशस्त्र स्वयंसेवक दल उभारले, एप्रिल १९१४ मध्ये चोरून हजारो बंदुका उतरवून घेतल्या, आणि हुजूर पक्षाचा नेता बोनार लॉ याने या प्रतिकाराला उघड पाठिंबा दिला. कायदा मान्य नसेल तर शस्त्रे उचलू, ही भाषा तेव्हा खानदानी, सभ्य, चर्चला जाणाऱ्या लोकांच्या तोंडी होती. ज्यूविरोधाचेही तसेच. १८८१ नंतर रशियन साम्राज्यातल्या दंगलींना कंटाळून पळालेले गरीब ज्यू मोठ्या संख्येने लंडनच्या ईस्ट एंड भागात आले आणि शिंपीकाम, जोडे, लाकडी सामान अशा धंद्यांत शिरले. त्यांच्याविरुद्ध १९०१ मध्ये ‘ब्रिटिश ब्रदर्स लीग’ नावाची संघटना उभी राहिली, तिच्या व्यासपीठावर खासदार दिसू लागले, आणि १९०५ मध्ये परकीयांच्या प्रवेशावर बंधने घालणारा कायदा झाला. पुढे ब्रिटिश फॅसिस्टांचा नेता झालेल्या ओस्वाल्ड मोस्लीचे लोक ईस्ट एंडमध्ये पोचले तेव्हा जमीन तीस वर्षे नांगरलेली होती.

फॅसिस्ट हे नाव घेणारी पहिली ब्रिटिश संघटना १९२३ मध्ये एका तरुण स्त्रीने काढली. रोथा लिंटॉर्न-ऑर्मन ही एका फील्डमार्शलची नात, महायुद्धात रुग्णवाहिका पथकात काम केलेली. मुसोलिनीच्या यशाने भारावून तिने ‘ब्रिटिश फॅसिस्टी’ची स्थापना केली आणि आईच्या पैशावर ती चालवली. फॅसिझमच्या आर्थिक विचाराशी या मंडळींचे फारसे देणेघेणे नव्हते. निवृत्त लष्करी अधिकारी, जमीनदार घराण्यांतल्या स्त्रिया आणि बोल्शेविकांची धास्ती घेतलेले मध्यमवर्गीय यांचा तो जमाव होता. १९२६ च्या सार्वत्रिक संपात सरकारला मदत करण्याची त्यांनी तयारी दाखवली, तेव्हा आधी फॅसिस्ट नाव आणि रूप सोडा अशी अट घातली गेली आणि त्याच मुद्द्यावर संघटना फुटली. दुसरा नमुना अर्नोल्ड लीझ याचा. हा उंटांच्या रोगांचा जाणकार पशुवैद्य होता आणि त्याच्या नोकरीचा काही काळ भारतात गेला होता. त्याच्या ‘इंपीरियल फॅसिस्ट लीग’चा एकमेव खरा विषय ज्यूद्वेष हाच होता, पुढे त्याला मोस्लीदेखील पुरेसा कडवा वाटेना, आणि १९३६ मध्ये ज्यूंवर नरबळीचे आरोप करणाऱ्या लेखनाबद्दल त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. हे दोघे विक्षिप्त म्हणून बाजूला ठेवता येतात. ओस्वाल्ड मोस्लीला तसे बाजूला ठेवता येत नाही, आणि म्हणूनच त्याच्यावर अधिक वेळ घालवणे भाग आहे.

मोस्ली १८९६ मध्ये जन्मला, जमीनदार बॅरोनेट घराण्यात. महायुद्धात तो विमानदलात होता; आईसमोर कसब दाखवताना विमान आदळले आणि पुढे पाय कायमचा अधू झाला, तरी तलवारबाजीत त्याने देशाचे प्रतिनिधित्व केले. १९१८ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी तो हॅरो मतदारसंघातून हुजूर पक्षाचा खासदार झाला. १९२० मध्ये त्याचे लग्न सिंथिया कर्झनशी झाले. बंगालची फाळणी करणाऱ्या लॉर्ड कर्झनची ही मुलगी. इतके सगळे जुळून आलेल्या तरुणाने निमूटपणे मंत्रिपदाची वाट पाहायची असते. त्याने मात्र त्याच वर्षी आयर्लंडमधल्या सरकारी दलांच्या अत्याचारांवरून स्वतःच्याच पक्षाला धारेवर धरले आणि समोरच्या बाकांवर जाऊन बसला. काही वर्षे अपक्ष राहून १९२४ मध्ये तो मजूर पक्षात आला. पुढे फॅसिस्ट झालेल्या या माणसाच्या सार्वजनिक जीवनातली पहिली मोठी कृती पोलिसी दडपशाहीच्या निषेधाची होती, हे विसरून त्याचा हिशेब मांडता येत नाही.

१९२९ मध्ये रॅम्से मॅकडोनल्डचे दुसरे मजूर सरकार आले आणि बेकारीच्या प्रश्नावर काम करण्यासाठी जे. एच. थॉमस यांच्या हाताखाली मोस्लीची नेमणूक झाली. त्या शरद ऋतूत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि १९३० च्या अखेरीस ब्रिटनमधल्या नोंदलेल्या बेकारांचा आकडा पंचवीस लाखांच्या आसपास गेला. अर्थमंत्री फिलिप स्नोडन हा समाजवादी म्हणवत असला तरी अंदाजपत्रकाच्या बाबतीत एखाद्या पिढीजात सावकाराइतका कर्मठ होता. अशा वेळी मोस्लीने १९३० च्या आरंभी मंत्रिमंडळाला एक टिपण सादर केले. कर्ज काढून रस्ते आणि इतर सार्वजनिक कामे काढावीत. आयातीवर नियंत्रण ठेवावे. साठाव्या वर्षी निवृत्तिवेतन द्यावे आणि शाळा सोडण्याचे वय वाढवावे, म्हणजे कामाच्या बाजारातली गर्दी कमी होईल. पतपुरवठा उद्योगांकडे वळवावा. आणि हे सर्व राबवण्यासाठी मोजक्या मंत्र्यांचे युद्धकालीन धाटणीचे मंडळ असावे, अशा त्याच्या सूचना होत्या.

मला या साऱ्या इतिहासात सर्वांत अस्वस्थ करणारा कागद हाच वाटतो, कारण त्यातले बहुतेक सगळे शहाणपणाचे होते. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाला या दिशेबद्दल आस्था होती, अन्यूरिन बेव्हनसारखा पुढे राष्ट्रीय आरोग्यसेवा उभी करणारा डावा नेता काही काळ मोस्लीच्या बाजूने होता, आणि महायुद्धानंतर पश्चिम युरोपातल्या सरकारांनी यातले पुष्कळसे उपाय बिनबोभाट अंगीकारले. मंत्रिमंडळाने टिपण फेटाळले. मे १९३० मध्ये मोस्लीने राजीनामा दिला, आणि ऑक्टोबरमध्ये लँडडनो येथील पक्षपरिषदेत त्याच्या बाजूचा ठराव १०,४६,००० विरुद्ध १२,५१,००० मतांनी पडला. त्या मतांत कामगार संघटनांची गठ्ठामते होती हे लक्षात घेतले तरी फरक थोडा होता. त्याने आणखी दोनतीन वर्षे कळ काढली असती तर पक्षाचे नेतृत्व त्याच्याकडे चालत आले असते, असे मानणारे पुष्कळ जण आहेत. पण थांबणे त्याच्या स्वभावात नव्हते, आणि त्या टिपणाच्या शेवटच्या सूचनेत, म्हणजे मोजक्यांच्या हाती कारभार देण्याच्या कल्पनेत, पुढचा मोस्ली आधीच डोकावत होता.

मार्च १९३१ मध्ये त्याने ‘न्यू पार्टी’ काढली. मोटारउद्योगातल्या विल्यम मॉरिसने, म्हणजे पुढच्या लॉर्ड नफील्डने, तिला ५०,००० पौंड दिले. एप्रिलच्या अखेरीस ॲश्टन-अंडर-लाइनच्या पोटनिवडणुकीत तिच्या उमेदवाराने साडेचार हजारांच्या आत मते घेतली, पण त्यामुळे मजूर पक्षाची जागा गेली. निकालाच्या रात्री चिडलेला कामगारांचा जमाव मोस्लीवर तुटून पडायच्या बेतात होता, आणि त्या जमावाकडे बघतानाच तो मनाने फॅसिझमकडे वळला असे त्याचा तेव्हाचा सहकारी जॉन स्ट्रेची याने नंतर नोंदवले. ऑक्टोबर १९३१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत न्यू पार्टीचे २४ उमेदवार उभे राहिले आणि एकही निवडून आला नाही. जानेवारी १९३२ मध्ये मोस्ली इटलीला जाऊन मुसोलिनीची राजवट पाहून आला, आणि १ ऑक्टोबर १९३२ रोजी ‘ब्रिटिश युनियन ऑफ फॅसिस्ट्स’ची स्थापना झाली.

या पक्षाची विचारसरणी इटलीची नक्कल होती असे म्हणून चालणार नाही, कारण कार्यक्रमाच्या तपशिलात तो युरोपातल्या अनेक भावंडांपेक्षा अधिक बांधीव होता. स्थापनेच्या वेळीच मोस्लीने ‘द ग्रेटर ब्रिटन’ या पुस्तकात तो मांडला. प्रत्येक उद्योगाचे एक महामंडळ, त्यात मालक, कामगार आणि ग्राहक यांचे प्रतिनिधी. संप आणि टाळेबंदी दोन्ही बेकायदा. मतदान प्रदेशवार न होता व्यवसायवार. उमरावांच्या सभागृहाऐवजी उद्योग आणि ज्ञानक्षेत्रांतल्या जाणकारांचे सभागृह. आणि एकदा फॅसिस्ट बहुमत आले की पक्षापक्षांच्या निवडणुकांच्या जागी सरकार हवे की नको एवढ्याच प्रश्नावर कौल. म्हणजे मतपेटी राहणार होती, निवड मात्र जाणार होती. हे सगळे एखाद्या अभियंत्याच्या आराखड्यासारखे नीटनेटके मांडलेले असल्याने सुशिक्षितांना ते आकर्षक वाटे. रणगाडायुद्धाचा नामांकित सिद्धान्तकार मेजर जनरल फुलर या पक्षात आला, मजूर पक्षाचा माजी खासदार जॉन बेकेट आला, आणि थोड्या वर्षांपूर्वी मताधिकारासाठी तुरुंगात गेलेल्या काही स्त्रियाही आल्या. १९१४ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत वेलास्केसच्या व्हीनसवर सुरा चालवणारी मेरी रिचर्डसन त्यांपैकी एक. दुसरी नोरा एलम. तिला मताधिकाराच्या चळवळीपायी ज्या हॉलोवे तुरुंगात जावे लागले, त्याच तुरुंगात १९४० मध्ये फॅसिस्ट म्हणून पुन्हा जावे लागले.

या आराखड्याचा पाया साम्राज्य हा होता, आणि येथे आपला थेट संबंध येतो. जगाच्या बाजारातून अंग काढून घेऊन साम्राज्यालाच एक स्वयंपूर्ण आर्थिक घटक करायचे, कच्चा माल वसाहतींनी पुरवायचा आणि पक्का माल ब्रिटनने, असा हा हिशेब होता. त्यात भारताला स्वराज्य देण्याला जागाच नव्हती. १९३५ च्या भारत सरकार कायद्याला पक्षाचा विरोध होता. १९३४ च्या सुमारास मोस्लीने लँकेशायरच्या कापडगिरण्यांच्या पट्ट्यात मोहीम काढली आणि भारतातली ब्रिटिश कापडावरील जकात हटवू, जपानी माल साम्राज्याच्या बाहेर ठेवू, म्हणजे तुमचे माग पुन्हा चालू लागतील असे आश्वासन दिले. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी आणि स्वदेशीच्या चळवळीने गेलेली बाजारपेठ हुकमाने परत आणण्याची ही योजना होती. तरुणपणी आयरिश लोकांसाठी भांडलेल्या माणसाने ती मांडावी यात विसंगती दिसते, पण लंडनच्या राजकारणात ती एकट्या मोस्लीची नव्हती. भारतावरची पकड ढिली करू नये असे म्हणणारे हुजूर पक्षात चर्चिलपासून अनेक होते. फॅसिस्टांनी त्यावर फक्त आकडेमोड चढवली.

जानेवारी १९३४ मध्ये ‘डेली मेल’चा मालक लॉर्ड रॉदरमियर याने काळ्या शर्टवाल्यांचा जयजयकार करणारा लेख स्वतःच्या नावाने छापला आणि पक्षाची सभासदसंख्या झपाट्याने वाढली; त्या उन्हाळ्यात ती ५०,००० च्या आसपास पोचली असावी असा अंदाज दिला जातो. त्यानंतर ७ जून १९३४ ची ऑलिंपिया सभागृहातली सभा झाली. हजारो श्रोते, झोत टाकणारे दिवे, ध्वजांची मिरवणूक असा थाट होता. मध्येच कोणी ओरडले की भाषण थांबायचे, त्या माणसावर झोत पडायचा आणि गणवेशातले स्वयंसेवक त्याला सर्वांसमोर तुडवून बाहेर काढायचे. प्रेक्षकांत बसलेल्या हुजूर पक्षाच्या काही खासदारांनीही दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून निषेध केला. ही सभा म्हणजे मोस्लीच्या उतरणीची सुरुवात, असे साधारणपणे सांगितले जाते. पण व्यत्यय आणणाऱ्या कम्युनिस्टांना धडा मिळाला ते बरेच झाले, असे म्हणणारे सभ्य गृहस्थही तेव्हा कमी नव्हते. निर्णायक ठरली ती महिनाअखेरीची घटना. ३० जूनला हिटलरने स्वतःच्याच साथीदारांची कत्तल घडवली आणि फॅसिस्ट राजवट कशी असते याचा पुरावा थेट बर्लिनहून आला. जुलैमध्ये रॉदरमियरने हात काढून घेतला. पुढच्या वर्षी सभासदसंख्या पाच हजारांच्या घरात आली होती. याच काळात मुसोलिनीकडून गुपचूप पैसा येत होता, हे नंतर कागदपत्रांवरून सिद्ध झाले. देशभक्तीचा मक्ता मिरवणाऱ्या पक्षाबद्दल याहून बोलका तपशील क्वचित सापडेल.

ज्यूद्वेष पक्षाच्या कार्यक्रमात आरंभी उघडपणे नव्हता. १९३४ च्या शरद ऋतूपासून तो मोस्लीच्या भाषणांत खुलेआम आला. तो केवळ संधिसाधूपणाने आणला की आधीपासून मनात होता यावर वाद चालतो. मला या वादाचे महत्त्व फारसे वाटत नाही. ज्याच्या दुकानाच्या काचा फुटतात त्याला फोडणाऱ्याच्या अंतःकरणातला हेतू तपासत बसण्याची चैन परवडत नाही. देशभर ओहोटी लागलेल्या पक्षाला ईस्ट एंडमध्ये भरती मिळाली ती याच विषयावर. घरांची टंचाई, कमी मजुरी, शिंपीकामातली स्पर्धा, शेजारची परकी भाषा या सगळ्यांवर एकच उत्तर तिथे चौकाचौकांत ऐकवले जात होते, आणि ऐकणारे बहुतेक कामगारवर्गातले होते.

रविवार, ४ ऑक्टोबर १९३६ रोजी मोस्लीने ज्यूंच्या दाट वस्तीतून हजारोंचा मोर्चा नेण्याचे ठरवले. मोर्च्यावर बंदी घालावी म्हणून मोठ्या संख्येने सह्या गोळा करून गृहखात्याकडे नेल्या गेल्या, पण गृहमंत्र्यांनी बंदी घातली नाही. हे गृहमंत्री म्हणजे सर जॉन सायमन. आठच वर्षांपूर्वी ‘सायमन परत जा’ या घोषणांनी आपल्याकडे ज्यांचे स्वागत झाले तेच. ज्यूंच्या प्रातिनिधिक मंडळाने लोकांना घरात बसायला सांगितले, मजूर पक्षानेही दूर राहण्याचा सल्ला दिला, आणि कम्युनिस्ट पक्ष त्या दिवशी स्पेनमधल्या फॅसिस्टविरोधी लढ्यासाठी दुसरीकडे सभा घेण्याच्या बेतात होता. खालून दबाव आल्यावर त्याने ऐनवेळी बेत बदलला. तरीही अफाट जनसमुदाय रस्त्यावर उतरला. केबल स्ट्रीटवर उलटवलेली मालमोटार, फरशा, जुने लाकडी सामान यांचे अडसर रचले गेले, ज्यू रहिवाशांबरोबर आयरिश गोदी कामगार उभे राहिले, आणि माद्रिदहून आलेली ‘ते पुढे जाणार नाहीत’ ही घोषणा भिंतीभिंतींवर लिहिली गेली. या लढाईत फॅसिस्ट जवळजवळ नव्हतेच. मारामारी झाली ती मोर्च्याला वाट करून देणाऱ्या सहा-सात हजार पोलिसांत आणि नागरिकांत. शेवटी पोलिस आयुक्त सर फिलिप गेम यांनी मोस्लीला मोर्चा मागे घ्यायला लावला आणि त्याने तो निमूट मागे घेतला.

केबल स्ट्रीटची आठवण आता दंतकथेच्या पातळीवर गेली आहे आणि तिथल्या लोकांना तिचा अभिमान वाटावा यात काही गैर नाही. मात्र त्या दिवशी ब्रिटिश फॅसिझम संपला हे काही खरे नाही. पुढच्याच रविवारी माइल एंड रोडवर टोळक्यांनी ज्यूंची दुकाने फोडली आणि माणसांना मारहाण केली, आणि त्या आठवड्यांत लंडनमध्ये पक्षाचे सुमारे दोन हजार नवे सभासद झाल्याची नोंद पोलिसांच्या स्पेशल ब्रँचने केली. मार्च १९३७ च्या लंडन काउंटी कौन्सिलच्या निवडणुकीत फॅसिस्ट उमेदवारांना बेथनल ग्रीनमध्ये सुमारे २३ टक्के, लाइमहाउसमध्ये १६ टक्के आणि शोरडिचमध्ये १४ टक्के मते पडली, आणि तीही स्थानिक मताधिकार घरपट्टी भरणाऱ्या कुटुंबप्रमुखांपुरता असल्याने पक्षाचे बरेच तरुण समर्थक मतदानाबाहेर असताना. जागा एकही मिळाली नाही. दुसऱ्या एखाद्या पद्धतीत एवढ्या मतांवर दोन-तीन प्रतिनिधी बसले असते, त्यांना व्यासपीठ मिळाले असते, वर्तमानपत्रांना त्यांची दखल घ्यावी लागली असती.

केबल स्ट्रीटचा खरा परिणाम कायद्यात दिसला. सायमन यांनीच मांडलेला सार्वजनिक सुव्यवस्थेचा कायदा १ जानेवारी १९३७ पासून अमलात आला. राजकीय गणवेशावर बंदी आली आणि मिरवणुका रोखण्याचे अधिकार पोलिसांना मिळाले. काळा शर्ट उतरवावा लागल्यावर फॅसिस्टांच्या कवायतीतली निम्मी जादू गेली. पण हाच कायदा पुढे डाव्यांच्या आणि संपकऱ्यांच्या विरोधातही वापरला गेला, हेही विसरता येत नाही.

मग मोस्लीला मोठे यश का मिळाले नाही? माझ्या समजुतीप्रमाणे मुख्य कारण असे की तो आला तेव्हा गाडी निघून गेली होती. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्ण परिमाण, म्हणजे चलनाचे मोल सोन्याशी बांधून ठेवण्याची पद्धत, सोडले, १९३२ च्या मध्यास बँकदर दोन टक्क्यांवर आला आणि त्या स्वस्त पैशावर इंग्लंडच्या दक्षिणेत व मध्यभागात घरबांधणीची लाट उठली. जर्मनीत ज्या मध्यमवर्गाची बचत चलनफुगवट्याने धुऊन नेली, तो वर्ग ब्रिटनमध्ये हप्त्यावर नवे घर घेत होता. बेकारी होती ती दक्षिण वेल्स, टाइनसाइड, क्लाइडसाइड अशा जुन्या उद्योगांच्या भागांत, आणि तिथला कामगार संघटना व मजूर पक्ष यांच्याशी घट्ट बांधलेला होता. ऑगस्ट १९३१ मध्ये आलेल्या, मुख्यतः हुजूर पक्षाच्या बळावर चाललेल्या संयुक्त ‘राष्ट्रीय’ सरकारने ऑक्टोबरच्या निवडणुकीत साडेपाचशेंहून अधिक जागा जिंकल्या. साम्यवादाला भ्यालेल्या माणसाला मजबूत सरकार हवे होते. ते त्याला काळा शर्ट न घालताच मिळाले. जर्मनीतल्या प्रतिष्ठित उजव्यांनी हिटलरला सत्तेवर आणले ते त्यांना स्वतःला बहुमत मिळवता येत नव्हते म्हणून; इंग्लंडच्या हुजूर पक्षाला मोस्लीची गरजच पडली नाही. १९३५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्याचा पक्ष उभाच राहिला नाही आणि ‘फॅसिझम पुढच्या वेळी’ अशी घोषणा देऊन मोकळा झाला. युद्धामुळे पुढची सार्वत्रिक निवडणूक १९४५ पर्यंत झालीच नाही.

या सगळ्यात इंग्रजांच्या विनोदबुद्धीला काहीच वाटा नाही असे मी म्हणत नाही, पण फ्रेंचांना आणि इटालियनांनाही विनोद कळतो.

युद्धाच्या उंबरठ्यावर मोस्लीने शांततेची मोहीम काढली आणि जुलै १९३९ मध्ये अर्ल्स कोर्टला प्रचंड सभा घेतली. त्याच्या शांततेचा अर्थ युरोप हिटलरला आणि साम्राज्य आपल्याला, असा होता. त्याचे वैयक्तिक धागेही तसेच जुळलेले होते: सिंथिया १९३३ मध्ये वारल्यानंतर त्याने १९३६ मध्ये डायना मिटफर्डशी बर्लिनमध्ये गोबेल्सच्या घरी लग्न केले आणि त्या लग्नाला हिटलर हजर होता. युद्ध सुरू झाल्यावर मतदाराने हिशेब चुकता केला. फेब्रुवारी १९४० मध्ये सिल्व्हरटाउनच्या पोटनिवडणुकीत फॅसिस्ट उमेदवाराला १५१ मते पडली. मे महिन्यात फ्रान्स कोसळू लागल्यावर संरक्षण नियम १८-ब ची व्याप्ती वाढवून २३ मे रोजी मोस्लीला अटक झाली, पक्षाचे सुमारे साडेसातशे लोक चौकशीविना स्थानबद्ध झाले आणि थोड्याच आठवड्यांत पक्षावर बंदी आली. विनाचौकशी कैद हे हत्यार भारतात वर्षानुवर्षे परजलेले होते आणि १९४२ मध्ये ते हजारोंवर चालले. स्वतःच्या देशात ते वापरताना मात्र लंडनमध्ये बरीच घालमेल झाली. नोव्हेंबर १९४३ मध्ये प्रकृतीच्या कारणावरून मोस्लीची सुटका झाली तेव्हा कारखान्यांतून निषेधाचे मोर्चे निघाले. त्याचा जुना सहकारी विल्यम जॉइस बर्लिनच्या नभोवाणीवरून इंग्रजीत प्रचार करत राहिला आणि जानेवारी १९४६ मध्ये देशद्रोहाबद्दल फासावर गेला.

युद्धानंतरची कथा थोडक्यात सांगता येते, कारण तिच्यात कल्पकता कमी आणि पुनरावृत्ती अधिक आहे. १९४८ मध्ये मोस्लीने ‘युनियन मूव्हमेंट’ काढली. सैन्यातून परतलेल्या ज्यू तरुणांच्या ‘४३ ग्रुप’ने तिच्या सभा उधळल्या. ज्यूंच्या जागी आता कॅरिबियन बेटांतून आणि भारतीय उपखंडातून आलेले लोक बसवले गेले. १९५८ मध्ये नॉटिंग हिलला दंगली झाल्या, पुढच्या वर्षी मोस्ली त्याच भागातून उभा राहिला आणि आठ टक्क्यांच्या आसपास मते मिळवून अनामत रक्कम गमावून बसला. १९६७ मध्ये त्याचा जुना अनुयायी ए. के. चेस्टरटन याच्या पुढाकाराने ‘नॅशनल फ्रंट’ स्थापन झाला, त्याच्या मोर्च्यांना लुइशॅम आणि साउथॉल येथे कडवा विरोध झाला, आणि १९७९ च्या निवडणुकीत तीनशेहून अधिक उमेदवार उभे करूनही त्याला दोन लाखांच्या आतच मते पडली. त्याच्या वर्षभर आधी हुजूर पक्षाच्या नेत्या मार्गारेट थॅचर यांनी दूरचित्रवाणीवर, परक्या संस्कृतीच्या लोकांनी आपला देश बुडून जाईल अशी भीती लोकांना वाटते, या अर्थाचे विधान केले होते. हुजूर पक्षाने उजवीकडची मते पुन्हा एकदा स्वतःच्या पदरात घेतली, आणि १९३१ प्रमाणेच त्याची काही किंमत धोरणाच्या रूपाने मोजली.

निवडणूक पद्धतीचा वाटा किती मोठा आहे हे २००९ मध्ये जवळजवळ प्रयोगशाळेत दिसावे तसे दिसले. युरोपीय संसदेच्या निवडणुकीत जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जात, आणि तिथे अतिउजव्या ‘ब्रिटिश नॅशनल पार्टी’ला सहा टक्क्यांहून थोडी अधिक मते मिळून तिचे दोन सदस्य निवडून आले. पुढच्याच वर्षी देशाच्या संसदेसाठी मतदान झाले, तेव्हा तिला साडेपाच लाखांवर मते पडली आणि जागा एकही मिळाली नाही. पक्षाचा नेता निक ग्रिफिन बार्किंगमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेला, आणि त्याच दिवशी तिथल्या नगरपालिकेत पक्षाच्या बाराच्या बारा जागा गेल्या. यात पद्धतीइतकाच वाटा स्थानिक मजूर कार्यकर्त्यांचा आणि फॅसिस्टविरोधी गटांचा होता. त्यांनी घरोघरी जाऊन लोकांना घरांच्या टंचाईबद्दल विचारले होते, म्हणजे बेथनल ग्रीनच्या चौकांत १९३६ साली ज्या विषयावर फॅसिस्ट बोलत होते त्याच विषयाबद्दल.